दुसऱ्या गाडीचं अर्धं लॉक

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. आईला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवी होती त्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, हे एका परीनं बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे बसले की माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि मी भलतंच काहीतरी बोलत सुटते — लाईट किती वेळ गेली होती, गल्लीत पाणी कसं आलं नाही. आज ते करायचं नाही असं ठरवून बसले आहे.

मी इंजिनची हेडं दुरुस्त करते. कोल्हापुरात, कारखान्यांच्या भागातल्या एका गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. सकाळी उचगावहून, म्हणजे सासरहून, स्कूटरवर यायचं आणि शटर वर करायचं. बाईनं हे काम करावं याचं लोकांना अजून नवल वाटतं. गाडीवाला दारात थबकतो, आत डोकावतो, विचारतो, मिस्त्री कुठं हायत? मी म्हणते, मीच. मग तो माझ्याकडे खालवर बघतो, आणि शेजारचा चहावाला न विचारता मध्ये पडतो. "बिनघोर द्या पावणं. बापापेक्षा नजर तेज हाय ताईंची." हे वाक्य कानावर आलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हातातला पाना फेकून मारावासा वाटतो. नवरा म्हणतो, कौतुक केलं तरी चिडतेस, नाही केलं तरी चिडतेस, तुझं करायचं काय? काय सांगू त्याला?

आधी काम समजावून सांगते, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला किरकोळ वाटेल. इंजिनच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. त्यात व्हॉल्व्ह असतात — लांब दांडीचे, खाली चपटं गोल तोंड असलेले. इंजिन चालू असताना ते सारखे उघडतात, मिटतात. जळाले किंवा घाण बसली की हेड उतरवायचं, सगळे व्हॉल्व्ह बाहेर काढायचे, पेस्ट लावून त्यांच्या त्यांच्या बैठकीत घासायचे — दोन तळव्यांत काठी धरून, ताक घुसळतात तसे — आणि जो जिथला तो तिथे परत बसवायचा. जिथला तिथेच. प्रत्येकाची झीज वेगळी असते, शेजारच्याचा इकडे चालत नाही. म्हणून काढलेला व्हॉल्व्ह खोक्याच्या पुठ्ठ्याला भोक पाडून ओळीनं खोचून ठेवायचा आणि त्याच्याच पायाशी त्याचं लॉक ठेवायचं.

लॉक म्हणजे काय? शेंगदाणा फोडला की दोन पाकळ्या होतात ना, तेवढे आणि तसे दोन लोखंडी तुकडे. व्हॉल्व्हच्या दांडीवर स्प्रिंग असते, स्प्रिंगवर वाटी, आणि हा सगळा संसार ते दोन तुकडे धरून ठेवतात. क्लॅम्पनं स्प्रिंग दाबायची, तुकड्यांना ग्रीस लावून दांडीच्या खाचेत चिकटवायचे, आणि क्लॅम्प हळूहळू सोडायचा. बसलं तर बसलं. नाहीतर टिक्कन आवाज होतो आणि एक तुकडा जो उडतो तो कुठे जातो ते देवाला माहीत. फार छळवादी काम आहे. इतकी वर्षं करतेय, आजही मला त्याचा वैताग येतो. मला हे काम कधी करायचंच नव्हतं.

पण माझी बोटं बारीक. आप्पांची बोटं आयुष्यभर लोखंड हाताळून जाड झालेली, त्यांना ते दोन तुकडे धरताना त्रास व्हायचा. कॉलेज संपलं, लग्न ठरायचं होतं, तेव्हा आप्पा म्हणाले, तोवर बस की जरा हाताशी. बसले. मनातून धुसफुसत बसले. मैत्रिणी साडीच्या दुकानात, दवाखान्यात कामाला लागल्या होत्या, संध्याकाळी नीटनेटक्या घरी जायच्या. माझ्या नखांतली काळी पेस्ट लिंबू चोळलं तरी निघत नसे.

आप्पांची एक रीत होती. लॉक मी बसवायचं, तपासायचं त्यांनी. प्रत्येक व्हॉल्व्हवर लाकडी हातोडीचा एक ठोका घालायचे, मग वाकून बघायचे — दोन्ही तुकडे एका पातळीत आहेत का. आणि बघायच्या आधी दर वेळी मोठ्यानं विचारायचे, "त्याचंच हाय?" मी म्हणायचं, "व्हय." जितके व्हॉल्व्ह तितक्यांदा तेच. सुरुवातीला हसू यायचं, नंतर नुसता कंटाळा. एकदा मी म्हटलं, आप्पा, आरतीसारखं काय रोज तेच ते? त्यांनी हातोडी बाजूला ठेवली. "लॉक बसलंय का न्हाय ते मला दिसतंय वैशे. पर ते कुठनं आलं ते तुलाच ठावं." त्यानंतर मी कधी विचारलं नाही, आणि प्रत्येक वेळी खरंच सांगत आले. एक वेळ सोडून.

ती वेळ चुलत बहिणीच्या लग्नाची. लग्न आमच्याच घरातून होतं आणि घर वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत. आदल्या दिवशी दुपारी मेंदीवाली येऊन बसली होती. सगळ्या बहिणींचे हात रंगत होते, आणि मी इथे, हात कोपरापर्यंत काळे करून, भूपालअण्णांच्या पिकअपचं हेड घेऊन बसलेली. भूपालअण्णा हातकणंगल्याकडचे. जुनं जैन कुटुंब, आमच्याकडे त्यांच्या वडिलांपासूनची गाडी यायची. ते इकडची भाजी भरून गगनबावड्यावरून कोकणात न्यायचे. दुसऱ्या दिवशी गाडी लागणारच होती आणि आप्पांनी शब्द दिला होता.

शेवटचे दोन व्हॉल्व्ह राहिले होते. आईचा फोन आला — मेंदीवाली आता आवरायला लागली, येतेस का तिला लावून देऊ? आलेच म्हटलं. फोन खाली ठेवला, क्लॅम्प सोडला — जरा घाईनंच सोडला — आणि टिक्क.

अर्धं लॉक उडालं. मी खाली वाकले. टेबलाखाली, क्लॅम्पच्या पेटीमागे, कापडाच्या बोळ्यांत बघितलं. चुंबक फिरवलं. लोखंडाचा कीस निघाला, जुने वायसर निघाले, ते निघालं नाही. तुम्हाला ठाऊक आहे का असा राग, जो कुणावर काढावा तेच कळत नाही? मी त्या टेबलाला लाथ मारली. अंगठा सुजला. आप्पा बाहेर गाडीखाली होते. त्यांना हाक मारली असती तर ते आले असते, म्हणाले असते, असूदे, सापडंल, आणि गुडघ्यावर बसून शोधत राहिले असते, नाहीतर दुकानातून नवी जोडी आणायला मला पाठवलं असतं. दोन्हीत मेंदी गेली असती.

आप्पा कधी काही टाकत नसत. मोडीत निघालेल्या इंजिनांची लॉकं त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात साठवली होती. मी डबा उघडला, बोटानं उकरला, आणि एक तुकडा मिळाला. उंची तीच वाटली. आतला कंगोरा तसाच वाटला — अगदी तसाच नव्हता, हे मला दिसलं होतं. दिसलं होतं हे लिहून ठेवते. मी तो लावला. क्लॅम्प सोडला. बसला.

आप्पा आत आले. ठोका, "त्याचंच हाय?" व्हय. ठोका, "त्याचंच हाय?" व्हय. त्या व्हॉल्व्हपाशी आले. ठोका घातला, वाकले. त्या वर्षी ते जरा जास्तच वाकून बघायला लागले होते, डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता. त्यांनी विचारलं, "त्याचंच हाय?"

मी व्हय म्हटलं. ना अडखळले, ना आवाज बदलला.

साबणानं, रॉकेलनं, राखेनं हात घासले आणि पळत घरी गेले. मेंदी लागली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत गडद रंग माझ्याच हाताला आला होता. बायका हात धरून बघत होत्या, सासू लई जीव लावणार म्हणून चिडवत होत्या, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मला त्या लॉकची आठवणसुद्धा झाली नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, घाई होती, झाली चूक. थांबा. अजून संपलेलं नाही.

लग्न आटोपलं. वर्कशॉप झाडताना लोखंड पकडायच्या व्हाइसच्या बुडाशी, ग्रीसच्या गोळ्यात मला ते सापडलं. हरवलेलं अर्धं लॉक. पुसलं, डब्यातल्या बाकीच्या तुकड्यांशेजारी धरून बघितलं. फरक स्वच्छ होता. गाडी तेव्हा रस्त्यावर धावत होती. भूपालअण्णांचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला होता, माझ्या डोळ्यासमोर. एक फोन करायचा होता — अण्णा, गाडी परत आणा, एक लॉक बदलायचंय. तेवढंच. पण मग आप्पांनी विचारलं असतं, का बदलायचंय? आणि आप्पा ओरडणारे नव्हते हो. ओरडणारे असते तर मी कदाचित सांगितलं असतं. ते नुसते बघतात. त्या बघण्याची मला भीती वाटली. मी तो तुकडा भंगाराच्या ड्रममध्ये टाकला आणि वर कचरा ओतला.

काही आठवडे काहीच झालं नाही. मला वाटलं, चाललं. मग एके दिवशी भूपालअण्णा दुसऱ्याच टेंपोतून आले आणि एक गोणी आणून टेबलावर आपटली. आत त्यांच्या गाडीचं हेड होतं. माल भरून जाताना गगनबावड्याच्या चढाला इंजिनात एकदम धडाधड वाजलं आणि गाडी जाम झाली. लॉक सुटून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडला होता. पिस्टननं त्याला ठेचून ठेचून सगळ्याचा चुरा केला होता. चढालाच झालं, म्हणून निभावलं. पुढे घाट उतरताना झालं असतं तर — भरलेली गाडी, ती वळणं, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा थोरला भाऊ बसलेला. तो विचार मी करत नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल.

भूपालअण्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "काय केलासा मिस्त्री ह्ये? वडलांपास्नं येतोय आम्ही हितं. आमचं मढं बघायचं हुतं का?"

आप्पांनी गोणीतून लॉकचा एक ठेचलेला तुकडा काढला. चेपून त्याचा आकारच राहिला नव्हता, कुठल्या गाडीचा ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांनी तो उजेडात धरला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मी क्लॅम्प हातात घेऊन उभी होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. मग आप्पा म्हणाले, "लॉक त्याचंच हुतं. पोरीनं सांगितलंय मला. म्हंजे नीट बसलं न्हवतं, आन् मला दिसलं न्हाय."

कळतंय का तुम्हाला काय झालं? ते माझ्या शब्दावर शंका घेऊ शकले असते. मला एकदा विचारू शकले असते, वैशे, नक्की का? त्यांनी विचारलंच नाही. माझं व्हय खरं धरलं आणि स्वतःचे डोळे खोटे ठरवले. भूपालअण्णाही जरा नरमले. जाताना म्हणाले, "डोळं दावून घ्या मिस्त्री. वय कुणाला सुटलंय व्हय?" आप्पांनी मान हलवली.

मला त्यांचा राग येतो. हो, आप्पांचाच. का नाही विचारलं? एवढा कसला विश्वास? त्या वेळी त्यांनी दरडावून विचारलं असतं तर मी रडत सगळं ओकले असते आणि आज मोकळी असते. हा राग किती निलाजरा आहे ते मला कळतं. तरी येतो.

त्यांनी इंजिन पदरच्या खर्चानं नवं करून दिलं. मग डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता सुईत दोरा ओवा. आम्हाला वाटलं आप्पा परत कामाला लागतील. ते वर्कशॉपात आले, हातोडी घेतली, एका हेडवर वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग हातोडी माझ्या हातात दिली. "दिसतंय सगळं," म्हणाले, "पर भरवसा न्हाय." त्यानंतर त्यांनी एकही लॉक तपासलं नाही. ज्या माणसाकडे सांगलीपासून लोक हेड घेऊन यायचे तो माणूस घरी बसला, आणि गल्लीत पसरलं की मिस्त्रीची नजर गेली, आता पोरगीच बघते. ते स्वतःच सांगायचे तसं, आल्यागेल्याला, अभिमानानं. तिनं सांगितलेलं बरोबर हुतं, मीच चुकलो. माझं लग्न झालं तरी म्हणून मला वर्कशॉप सोडता आलं नाही. जे काम टाळायला मी खोटं बोलले, तेच आयुष्यभर गळ्यात पडलं. याबद्दल तक्रार करायचा मला अधिकार नाही, तरी सांगितलं.

आणि हे नुसतं लॉकपुरतं राहिलं नाही. आता मी माहेरी डोकावले की, गॅस बंद केला तरी आप्पा मला बघायला लावतात. औषधाची गोळी तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरतात. रस्ता मोकळा दिसत असला तरी कडेला थांबतात, माझी बाही धरतात. "दिसतंय मला. पर तू एकदा बघ." प्रत्येक वेळी. आई म्हणते, म्हातारपण आहे. मी भांडी आपटते.

एक गोष्ट मी अजून चोरून ठेवली होती. इथपर्यंत लिहितानासुद्धा चोरली. त्या दिवशी तो डब्यातला तुकडा बसवल्यावर मी त्याच्यावर बोटभर ग्रीस थापलं होतं. धरून राहावा म्हणून नव्हे, तो आधीच बसला होता. आप्पांना कड दिसू नये म्हणून. त्यांनी विचारलंही होतं, ग्रीस लई झालंय की गं? मी म्हटलं, असूदे, बाहेर गाडी थांबलीय. ज्या डोळ्यांना ते इतकी वर्षं दोष देत आले त्या डोळ्यांपुढे मीच पडदा ओढला होता. धडधाकट डोळ्याच्या माणसालाही ते दिसलं नसतं. मी लपवलेलं कुणाला कसं दिसेल?

परवाची गोष्ट. आप्पा जेवणाचा डबा घेऊन वर्कशॉपात आले होते, स्टुलावर बसले होते. मी एका नव्या गाडीचं हेड घेऊन बसले होते. या नव्या गाड्यांची लॉकं तर तांदळाएवढी, जीव घेतात. क्लॅम्प सुटला आणि टिक्क. माझ्या तोंडून शिवी गेली. मी खाली बसले, चुंबक फिरवलं, झाडू घेतला, काही नाही. डोकं फिरायची वेळ आली.

आप्पा स्टुलावरून उठले. दाराशी गेले, वाकले, उंबऱ्याच्या फटीतून नखानं काहीतरी उचललं. इतक्या लांबून, उन्हात, तेवढासा तुकडा त्यांना दिसला होता. फुंकर मारून त्यांनी तो तळहातावर ठेवला आणि हात माझ्यापुढे धरला.

"त्याचंच हाय का बघ बाई. मला आपलं काय कळतंय?"

मी बघितलं. ते त्याचंच होतं.

"व्हय," मी म्हटलं.

आप्पांनी मान हलवली, भूपालअण्णांपुढे हलवली होती तशीच, आणि डबा उघडायला गेले.